जुन्या मोटारीला थोरले इंजिन

बैलगाडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. गाडीचे बैल थकले, की धनी नवी जोडी घेतो. हातात थोडा पैसा असला, तर पहिल्यापेक्षा थोराड जोडी घेतो. पण जाणता धनी नुसते बैल बघत नाही. जू पेलेल का, कणा टिकेल का, चाकांच्या धावा घट्ट आहेत का, हे तो आधी पाहतो. उतारावर बैल भरधाव निघाले तर गाडी आवरेल का, हाही विचार करतो.

मोटारीचेही असेच आहे. जुन्या मोटारीतले इंजिन काढून तिथे मोठे इंजिन बसवता येते. काही लोक हे काम हौसेने करतात, काही गरजेपोटी करतात. ह्या धड्यात आपण अशाच एका कामाची माहिती घेऊ. गाडी अमेरिकेची आहे, पण तिचे आपल्या मुंबईशी जुने नाते आहे. गाडीचे नाव शेव्हरोले.

सहा सिलिंडरचे इंजिन

सिलिंडर म्हणजे लोखंडी नळकांडे. त्यात पिस्टन नावाचा दट्ट्या खाली-वर होतो. पिस्टनला एक दांडा जोडलेला असतो. त्याला कनेक्टिंग रॉड म्हणतात. मेस्त्री लोक नुसते रॉड म्हणतात. रॉडचे खालचे टोक क्रँक नावाच्या वाकड्या दांड्याला धरून असते. पिस्टन खाली-वर झाला, की क्रँक गरगर फिरतो. तेच फिरणे पुढे चाकांपर्यंत जाते.

असे सहा सिलिंडर एका ओळीत उभे केले, की इंजिन एकसारखे चालते. हिसके कमी बसतात. शेव्हरोले कंपनीने १९२९ साली असे इंजिन आपल्या मोटारीत घातले. चार सिलिंडरच्या किमतीत सहा सिलिंडर, अशी तिची जाहिरात होती. इंजिन साधे आणि दणकट होते. त्याचे काही स्क्रू शेगडीच्या स्क्रूंसारखे दिसत. म्हणून अमेरिकेतल्या लोकांनी त्याला ‘स्टोव्हबोल्ट’ असे लाडाचे नाव दिले.

ह्याच कंपनीची मालक जनरल मोटर्स. तिने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि शिवडीला त्यांची जोडणी होई. १९५४ पर्यंत हे काम चालले. म्हणूनच आपल्याकडेही काही घरांत जुनी शेव्हरोले जपून ठेवलेली दिसते.

१९३७ साली कंपनीने नवे इंजिन काढले. त्याचे माप २१६ घन इंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. हे माप कशाचे? सहाही पिस्टन एकेकदा वरून खाली आले, की सिलिंडरांत जेवढी जागा मोकळी होते, तिचे हे माप. पुढे १९५२ पर्यंत शेव्हरोलेच्या बहुतेक मोटारींत हे इंजिन असे.

त्याचा थोरला भाऊ २३५ घन इंचांचा, म्हणजे सुमारे ३.९ लिटरचा. तो १९४१ साली आधी ट्रकमध्ये आला. १९५० पासून काही मोटारींतही येऊ लागला. दोघे एकाच घराण्यातले. बाहेरून पाहिले तर अंगलट सारखीच. म्हणून २१६ च्या जागी २३५ बसवायचे काम अमेरिकेत पुष्कळांनी केले आहे. चॅसीला करवत न लावता ते करता येते.

वंगणाची गोष्ट

आता कुणी विचारील, चालू इंजिन काढायचं कशाला? नुसत्या ताकदीसाठी? तर तसे नाही. खरे कारण आहे वंगण.

बैलगाडीच्या कण्याला वंगण लागते, हे लहान मूलही जाणते. वंगण सरले की चाक करकरते. तरी गाडी हाकली, तर कणा झिजतो. इंजिनातही जिथे धातूवर धातू फिरतो, तिथे मध्ये तेल हवे. अशा जागी बेअरिंग असते. बेअरिंगला तेल मिळाले नाही, तर ते जळते.

२१६ च्या इंजिनात क्रँकच्या मुख्य बेअरिंगांना पंप तेल पुरवतो. पण रॉडच्या बेअरिंगांना तेल नळीने मिळत नाही. तिथे वेगळी रीत आहे. इंजिनाच्या तळाशी जे तेलाचे चेंबर असते, त्यात लहान पन्हळी आहेत. प्रत्येक रॉडच्या खालच्या टोकाला एक छोटी पळी आहे. रॉड फिरला, की पळी पन्हळीतल्या तेलात बुडते आणि तेल वर घेते. वेग वाढला, की बारीक तोट्यांतून तेलाची चिळकांडी उडते आणि ती पळीवर आदळते. थोडक्यात, रॉडला तेल शिंपडून मिळते.

शिवाय ह्या रॉडचे बेअरिंग बॅबिटचे आहे. बॅबिट म्हणजे कथलात तांबे आणि अँटिमनी मिसळून केलेला मऊ धातू. तो वितळवून रॉडमध्येच ओततात आणि तासून मापात आणतात. झिजला की पुन्हा ओतायचा, पुन्हा तासायचा. हे काम जाणणारे कारागीर आता थोडे राहिले आहेत.

म्हणून हे इंजिन वाईट का? मुळीच नाही. ज्या काळात ते घडवले, त्या काळच्या रस्त्यांवर ते वर्षानुवर्षे इमानाने चालले. पण आजचे हमरस्ते निराळे. मागून ट्रक येतो, पुढची गाडी वेगात असते. जुनी गाडीही तासन्‌तास वेगाने पळवावी लागते. मग बॅबिट तापते आणि मऊ पडते. रॉडमधून ठक् ठक् असा आवाज येऊ लागतो. तो ऐकूनही गाडी दामटली, तर एखादे वेळी रॉड तुटतो आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर येतो. तेव्हा दुरुस्तीला काही उरत नाही.

१९५४ सालापासून कंपनीने मोटारींच्या सर्व इंजिनांत ही रीत बदलली. २३५ च्या क्रँकमध्ये आतून भोके पाडली. पंपाच्या दाबाने तेल त्या भोकांतून थेट रॉडच्या बेअरिंगात जाऊ लागले. बेअरिंगही बदलले. ते पातळ कवचासारखे केले. जुने कवच काढायचे, नवे बसवायचे, झाले काम.

रोपांना हाताने पाणी शिंपडणे निराळे आणि नळीने थेट मुळाशी देणे निराळे. दोन्हींत पाणी मिळते. पण उन्हाळा कडक झाला, की फरक कळतो. इथेही तसेच आहे.

ताकदही थोडी वाढते. १९५१ च्या मोटारीतल्या २१६ ची ताकद ९२ अश्वशक्ती होती. १९५४ च्या साध्या गिअरच्या मोटारीतल्या २३५ ची ११५. पण ही वाढ वरकड समजावी. मुख्य लाभ वंगणाचा.

घेताना पारख करावी

२३५ हा आकडा ऐकून भुलू नये. १९५३ पर्यंतच्या बहुतेक २३५ इंजिनांतही तेल शिंपडण्याचीच रीत होती. असे इंजिन आणले तर खर्च होतो, आणि जे दुखणे टाळायचे तेच पुन्हा घरात येते.

मग ओळखायचं कसं? इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण पाहावे. जुन्या इंजिनात ते वरून दोन नटांनी आवळलेले असते. १९५४ पासूनच्या इंजिनात ते कडेला चार स्क्रूंनी बसवलेले असते. पण झाकणावर विसंबू नये. ब्लॉकवर ओतताना उमटवलेला क्रमांक पाहावा आणि जाणकाराला दाखवावा. सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे तळाचे चेंबर उघडणे. आत पन्हळी आणि रॉडला पळ्या दिसल्या, तर ते जुन्या रीतीचे इंजिन. ते परत करावे.

बसवताना काय जुळत नाही

घराणे एक असले, तरी दोघा भावांचे कपडे अगदी बरोबर होत नाहीत. चार-पाच जागी अडते.

पहिली जागा गिअरबॉक्सची. ह्या मोटारींत गिअरबॉक्सपासून मागच्या धुऱ्याकडे जाणारा दांडा एका बंद नळीत असतो. त्या नळीचे पुढचे टोक गिअरबॉक्सच्या मागे एका गोलाकार सांध्यात बसते. त्यामुळे गिअरबॉक्स पुढे-मागे सरकवता येत नाही. इंजिनच असे बसवावे लागते, की गिअरबॉक्स आपल्या मूळ जागी राहील.

दुसरी जागा पुढच्या आधाराची. जुन्या गाडीत इंजिनाचा पुढचा भार मधोमध एका आधारावर असतो. १९५५ आणि त्यानंतरच्या इंजिनांची मांडणी वेगळी आहे. म्हणून इंजिनाच्या पुढची पोलादी पाटी बदलून जुन्या गाडीला जुळणारी घालावी लागते. त्यासाठी टायमिंग गिअर उघडावे लागते. १९५४ च्या मोटारीतले इंजिन मिळाले, तर ह्या बाबतीत काम सोपे होते.

तिसरी जागा पाण्याच्या पंपाची. पंपावरच पंखा असतो. नंतरच्या इंजिनांचा पंप वेगळ्या मापाचा आहे. तो तसाच ठेवला, तर पंखा रेडिएटरपुढे योग्य जागी येत नाही. म्हणून मध्ये जोडपट्टी घालून जुनाच पंप वापरतात. रेडिएटरही आतून साफ करून घ्यावा. मोठे इंजिन जास्त उष्णता टाकते.

चौथी जागा विजेची. १९५४ पर्यंत ह्या मोटारींत ६ व्होल्टची वीज होती. १९५५ पासून १२ व्होल्टची आली. स्टार्टरचे दाते आणि फ्लायव्हीलचे दाते एकाच जोडीचे असावेत. एक जुना आणि एक नवा घातला, तर दाते दाते खातात.

पाचवी जागा लहान आहे, पण तिच्यामुळे माणूस फसतो. जुन्या गाडीतला तेलाच्या दाबाचा काटा ३० पौंडांपर्यंतच आहे. २३५ चा दाब त्याहून वर जातो. जुना काटा शेवटाला जाऊन अडकतो आणि खरा दाब कळत नाही. ६० पौंडांपर्यंतचा काटा बसवावा.

काम करताना जिवाला जपावे. आधी बॅटरीची तार सोडावी. इंजिन चेनपुलीला टांगलेले असताना त्याच्याखाली हात किंवा डोके घालू नये. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरू नये. खाली घोड्या लावाव्यात. आणि काढलेले जुने इंजिन भंगारात देऊ नये. तेल लावून, झाकून, कोरड्या जागी ठेवावे. त्याच्यावरचा नंबर पुसू देऊ नये. का, ते पुढे कळेल.

थोडा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घेऊ या.

ह्या मोटारींच्या धुऱ्यात जे गिअर असते, त्याचे साधे माप ४.११ आहे. ह्याचा अर्थ, शेवटच्या गिअरमध्ये चाकाचा एक फेरा व्हायला क्रँकला ४.११ फेरे करावे लागतात.

चाकाची उंची २८ इंच धरू. एका फेऱ्यात गाडी सुमारे सव्वादोन मीटर पुढे जाते. ताशी ८० किलोमीटर वेगाला चाकाचे मिनिटाला सुमारे ६०० फेरे होतात. म्हणून क्रँकचे फेरे झाले ६०० गुणिले ४.११, म्हणजे सुमारे २,४६६.

पॉवरग्लाइड नावाचा आपोआप चालणारा गिअर असलेल्या मोटारींत हे माप ३.५५ होते. ते गिअर जुन्या धुऱ्यात घालतात. मग ६०० गुणिले ३.५५, म्हणजे २,१३० फेरे. वेग तोच, पण इंजिनाला मिनिटाला ३३६ फेरे कमी. इंजिन शांत चालते, झीजही कमी होते. २३५ ला ताकद जास्त असल्याने त्याला हे जड गिअर ओढवते.

पण ह्यात एक मेख आहे. उतारावर आपण गिअर घालून, इंजिनाच्या ओढीने गाडी आवरतो. गिअर ३.५५ चे झाले, की ही ओढ कमी होते. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. खंडाळ्याचा घाट उतरताना मात्र येईल. मग सगळा भार ब्रेकवर पडतो.

आधी थांबणे, मग पळणे

इथे आपण मुख्य गोष्टीपाशी आलो.

गाडीचा वेग दुप्पट झाला, की तिच्या अंगातला जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकला जेवढे काम पडते, त्याच्या चौपट काम ताशी ८० ने जाणारी गाडी थांबवायला पडते. ६० वरून ८० वर गेलो, तरी काम जवळजवळ पावणेदोनपट होते. इंजिन मोठे केले, की वेग आपसूक वाढतो. पाय जड होतो, कळतही नाही. ब्रेक मात्र १९५१ चेच राहतात.

ह्या गाडीला चारही चाकांना ड्रमचे ब्रेक आहेत. ब्रेक ऑइल चौघांना एकाच मास्टर सिलिंडरमधून जाते. म्हणजे एका चाकाची रबरी नळी फुटली, तर चारही चाकांचे ब्रेक जातात. पायाखालचे पेडल थेट जमिनीला लागते. त्या वेळी गाडीत बायकामुले असतील. रस्त्यावर दुसऱ्याची मुले असतील.

म्हणून इंजिनाला हात लावण्याआधी ब्रेकचे काम करावे. लायनर, ड्रम, चाकांतले सिलिंडर आणि रबरी नळ्या तपासून झिजलेले सगळे बदलावे. पुष्कळ लोक दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवतात. त्यात पुढच्या चाकांचे तेल वेगळे आणि मागच्यांचे वेगळे राहते. एक बाजू गेली, तरी दुसरी वाचवते. स्टिअरिंगचे सांधे आणि टायरही पाहावेत. पैसे कमी असतील, तर इंजिन थांबू द्यावे, ब्रेक थांबू देऊ नयेत.

आपल्याकडचा कायदा

आता समजा, आपल्याकडे एखाद्या घरी शिवडीला जोडलेली जुनी शेव्हरोले आहे. आजोबांनी घेतलेली. नातू म्हणतो, “बाबा, हिला २३५ चं इंजिन बसवू या.” वडिलांनी काय सांगावे?

दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली अशी. गाडीच्या नोंदणीच्या पुस्तकात इंजिनाचा नंबर आणि माप लिहिलेले असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. आधी आर.टी.ओ. कचेरीत जाऊन विचारावे आणि परवानगी घ्यावी. बदल करून मग विचारणे म्हणजे वरात निघाल्यावर मुहूर्त पाहणे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. पण गाडी मूळ रूपात असली पाहिजे. चॅसी, सांगाडा किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. अशी गाडी रोजच्या वापरालाही काढता येत नाही. प्रदर्शन, शर्यतीसारखे मेळावे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येते.

म्हणजे नातवाला निवड करावी लागेल. गाडी वडिलोपार्जित ठेव म्हणून जपायची असेल, तर २१६ चेच बॅबिट नीट ओतून घ्यावे, तेल वेळेवर बदलावे आणि गाडी तिच्या चालीने चालवावी. हळू चालवलेल्या २१६ ला शिंपडलेले तेल पुरते. लांब पल्ल्याला न्यायची असेल आणि परवानगी मिळत असेल, तर २३५ चा विचार करावा. तसे केले, तरी काही कापू नये आणि जुने इंजिन जपून ठेवावे. म्हणजे पुढच्या पिढीला गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल. नंबर पुसू नये म्हणालो, ते ह्यासाठी.

दोन्ही वाटा चांगल्या आहेत. वाईट वाट एकच. वंगण पाहिले नाही, ब्रेक पाहिले नाहीत, कागद पाहिले नाहीत आणि नुसते थोरले इंजिन आणून बसवले. अंथरूण पाहून पाय पसरावे, असे आपले वाडवडील सांगत. मोटारीचे अंथरूण म्हणजे तिचे ब्रेक.

उजळणी

१. २१६ च्या इंजिनात रॉडच्या बेअरिंगला तेल कसे मिळते? १९५४ नंतरच्या २३५ मध्ये कसे मिळते?
२. इंजिन विकत घेताना तळाचे चेंबर उघडून काय पाहावे?
३. चाकाचे मिनिटाला ५०० फेरे होतात. धुऱ्याचे माप ४.११ असेल, तर क्रँकचे किती फेरे होतील? ३.५५ असेल तर किती?
४. गाडीचा वेग ताशी ३० वरून ६० केला, तर ब्रेकचे काम किती पट होईल?
५. तुमच्या गावात जुनी मोटार, ट्रॅक्टर किंवा पाण्याचे इंजिन आहे का? त्याला तेल कुठून मिळते, ते चालवणाऱ्याला विचारा आणि पाच ओळी लिहा.